अण्णा, रेवाला कोणतं व्याकरण शिकवू?

प्रिय अण्णा,

परवा वडवणीला तुमचं वर्षश्राद्ध. दादानं सगळी तयारी केली आहे, भटजींना सांगून झालंय. उद्या दुपारच्या गाडीनं आई, मी आणि पोरं निघू. पण तिथं गेल्यावर माणसांच्या गर्दीत तुमच्याशी बोलायला मिळायचं नाही, म्हणून आजच लिहायला बसले. आपलं भांडण अर्धवट टाकून गेलात तुम्ही. असं कुणी करतं का?

जून तोंडावर आलाय आणि रेवा-शंभूला या वर्षी व्याकरण कशातून शिकवायचं हे अजून ठरलेलं नाही. गणिताचं ठरलं, इंग्रजीचं कसंबसं ठरलं, परिसर अभ्यासाला तर दाराबाहेर सगळा परिसर पडलाच आहे. अडलंय ते तुमच्या विषयाशी. हसा, हसा! जिल्हा परिषदेच्या शाळांत हयात घालवलेल्या मास्तरांची मुलगी, तुमच्याच हट्टापायी डी.एड. झालेली, आणि आठ वर्षांच्या पोरीला नाम-सर्वनाम कशातून सांगू म्हणून कपाळाला हात लावून बसलीय.

तसं आता घरात तीन व्याकरणं आहेत. पहिलं तुमच्या जावयांनी मागवलं. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळायच्या आणि गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर पोरांच्या शिक्षणाचं शोधत बसायचं, असं त्यांचं चालतं. तर पुण्याहून एक खोका आला. आत रंगीत पत्ते, नाम निळं, क्रियापद लाल, विशेषण पिवळं. दुसरं मोबाईलमधलं. त्यातली बाई प्रश्न विचारते आणि पोरांनी तोंडानं उत्तर द्यायचं. तिसरं तुमचं, खाकी कव्हरचं, पाठीला डिंकानं पट्टी चिकटवलेलं. ते तुम्ही शंभूच्या हातात दिलं होतं आणि वर म्हणाला होतात, ‘तुझ्या आईला वाचाय दे. तिलाबी येत न्हाई अजून.’ आठवतं ना?

कपाटातून ते काढलं तेव्हा आई म्हणाली, ‘वर्गात आहे-आहे करायचे अन् उंबऱ्याच्या आत आले की हाय. जन्मभर असंच केलं तुझ्या अण्णांनी.’ मग पदरानं पुस्तक पुसलं आणि माझ्या हातात दिलं. उन्हाळाभर ती इथं चौसाळ्यालाच आहे. तुमची आठवण काढते ती अशीच, नावं ठेवून.

तुम्हाला घरची शाळा कधी पटली नाही. रेवाला दुसरीतून काढल्याचं कळलं आणि तुम्ही पहिल्या एसटीनं आलात. पाणीसुद्धा घेतलं नाही. ‘कावून काढलं? मास्तराची नात घरी बसती का? लोकाची पोरं मी ट्रकातून उतरवून वर्गात बसवली, अन् माझीच नात घरी?’

खरंच होतं ते. दसरा झाला, टोळ्या ऊसतोडीला निघाल्या, की तुम्ही ट्रकपुढं जाऊन उभे राहायचात. आईबापांशी हुज्जत घालून दोन-चार पोरं उतरवून घ्यायचात आणि ती आपल्याच ओसरीवर झोपायची. त्यांच्या भाकरी थापून थापून आईची मनगटं दुखायची. शाळा तुमच्यासाठी काय होती हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

पण अण्णा, वाचनाचा तास असायचा त्या दिवशीची सकाळ तुम्ही पाहिली नव्हती. रेवा पोट धरून बसायची. ती अडखळायला लागली की वर्गातली पोरं तिच्यासारखं करून दाखवायची, आणि बाई पोरांना गप्प करायचं सोडून हिलाच खाली बसवायच्या. शेवटी शेवटी तर तिला ‘हजर’ म्हणता येईना. ‘ह’च निघायचा नाही. पोरगी समोर बसलेली आणि हजेरीत गैरहजर! मी हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘सुटंल हळूहळू. लई लाड करू नको.’ तो तुमचा शब्द मला लागला. अजून लागतो.

मग तुम्ही गेलात, आणि दहाव्याला कावळा शिवेना.

नदी कोरडी ठाक, म्हणून विहिरीजवळ विधी चालले होते. ऊन चढत गेलं. दादानं आईला सांभाळीन म्हणून शब्द दिला. आत्यानं वाटणीवरून कुणी भांडणार नाही असं सगळ्यांच्या वतीनं कबूल करून टाकलं. कावळा लिंबावर बसून नुसता मान वाकडी करत होता. मग तुमचे धाकटे बंधू, आमचे बापूकाका, माझ्याकडं वळले. ‘शुभे, पोरीला शाळंत घालते म्हण. अण्णाचा जीव त्याच्यातच गुतलाय.’

सगळ्यांच्या माना माझ्याकडं. रेवा माझा पदर धरून उभी. एक वाक्य म्हणायचं होतं फक्त. म्हणून टाकलं असतं आणि पाळलं नसतं, तरी मला कोण विचारणार होतं? पण तुमच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही, आणि तिथं, त्या पिंडासमोर तर नाहीच नाही. मी नुसते हात जोडले. बऱ्याच वेळानं भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. माघारी येताना माझ्याशी कुणी बोललं नाही.

खरंच त्यातच अडकला होतात का हो? वर्षभर मी हाच प्रश्न घेऊन फिरतेय. भाकरी थापताना, पोरांची शुद्धलेखनं तपासताना, दुकानात जेवणाचा डबा द्यायला जाताना. तुम्ही असतात तर ओरडला असतात, मी ओरडले असते, आणि संध्याकाळपर्यंत काहीतरी निघालं असतं त्यातून. आता मी एकटीनं दोन्ही बाजूंनी भांडते.

असो. व्याकरणाचं सांगत होते.

खोक्यातले पत्ते शंभूला फार आवडले. ‘म्हैस’ लिहिलेला निळा पत्ता घेऊन तो शेजारच्या गोठ्यात गेला आणि म्हशीनं तो खाल्ला. एक नाम कायमचं गेलं. रेवाला मात्र ते पत्ते फारच चांगले जमले. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी, एकही चूक नाही. आणि एकही शब्द नाही! तासभर काम करायची, मान खाली घालून. मला आधी बरं वाटलं आणि मग भीती वाटायला लागली. ही पोरगी तोंड न उघडता सगळं व्याकरण शिकेल आणि आपण तिला हुशार हुशार म्हणत बसू.

मोबाईलमधली बाई तर माझ्या डोक्यात गेली. प्रश्न गोड विचारते. पण रेवा ‘क... क...’ करतेय तोवर हिचं सुरू, ‘उत्तर ऐकू आलं नाही. पुन्हा प्रयत्न करा.’ परत तेच, परत तेच. रेवानं फोन उपडा ठेवला आणि त्यावर उशी दाबून धरली. मी त्याच दिवशी ते काढून टाकलं. ज्याला थांबता येत नाही त्यानं पोरांना शिकवायच्या फंदात पडू नये.

राहिलं तुमचं पुस्तक. त्याला मी हात लावत नव्हते. कारण तुमचं पुस्तक म्हणजे तुमचा परवचा! दिवेलागणीला हातपाय धुऊन भिंतीशी ओळीनं बसायचं, आधी पाढे आणि मग विभक्ती. ओसरीवरची ती ट्रकातून उतरवलेली पोरं, दादा, मी, सगळ्यांनी एका सुरात. पोटात भूक, स्वयंपाकघरातून पिठल्याचा वास, आणि आम्ही ओरडतोय, ‘ऊन हून, ऊन हून’! चतुर्थी म्हणजे काय हे मला सातवीपर्यंत कळलं नव्हतं. तोवर मी ती गणपतीची समजत होते. डी.एड.ला मी घोकंपट्टीविरुद्ध लांबलचक निबंध लिहिला, तो तुम्हालाच मनात धरून.

आणि मग एका संध्याकाळी लाईट गेली. मी काठवटीत पीठ मळत होते. अंगणात शंभूनं एकट्यानंच सुरुवात केली. तुम्ही यायचात तेव्हा शिकवलेलं असणार, मला पत्ताही नव्हता. ‘स ला ते, स ला ना ते...’ आणि त्याच्या आवाजाला दुसरा आवाज येऊन मिळाला. ‘ने ए शी, नी शी ई ही...’

रेवा! कुठं थांबणं नाही, अडणं नाही. षष्ठी झाली, सप्तमी झाली, संबोधनाला तर तिनं टाळी वाजवली.

मी पिठाचे हात तसेच घेऊन दारापर्यंत गेले आणि तिथंच उभी राहिले. मला बघितलं तर थांबेल, ही भीती. आई आतून विचारायला लागली, ‘कोण म्हणतंय गं?’ तिला मी हातानंच गप्प केलं. तीही माझ्यामागं येऊन उभी राहिली. आम्ही दोघी रडलो, अण्णा. आणि माझ्या रडण्यात थोडा रागही होता, की हे बघायला तुम्ही नव्हतात.

नंतर मी बीडच्या एका बाईंना फोन केला, त्या अशा मुलांना बोलायला शिकवतात. त्या म्हणाल्या, बरोबरीनं म्हणताना पुष्कळ मुलांचं अडखळणं थांबतं, त्यात नवल नाही. तुम्हाला तरी हे कुठं माहीत होतं? तुम्ही आपले सगळ्यांना म्हणायला लावायचात. पण लागलं ना कामाला! झालं, मी ठरवून टाकलं. खोका कपाटावर, तुमचं पुस्तक टेबलावर, आणि रोज दिवेलागणीला मी, आई, शंभू, रेवा, दुकान बंद करून आले की हेसुद्धा, सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं. या पत्रात मी तुम्हाला एवढंच लिहिणार होते, की अण्णा, जिंकलात.

पण काल दुपारी मी रेवाला म्हटलं, ‘जूनपासून आपण आजोबांचंच पुस्तक घ्यायचं बरं का. रोज सगळे बरोबर म्हणू. तुला किती छान येतं!’

ती भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडं बघून म्हणाली, ‘म... म... मला...’

अशा वेळी आपल्याकडं काय व्हायचं ते तुम्हाला माहीत आहे. ‘पाणी पाहिजे का?’ तुम्ही म्हणायचात. ‘भूक लागली का?’ आई म्हणायची. ‘झोप आली का?’ मी म्हणायचे. आपण मायेनंच करायचो ते. आणि ती त्यातलं जवळचं काहीतरी घेऊन मान हलवायची. कितीदा तरी तिला तहान नसताना ती पाणी प्यायली असेल, अण्णा!

काल कशी कोण जाणे, मी गप्प बसले. ओठावर शब्द आले होते, ते गिळले. तिची मान ताणली, डोळे मिटले. हायवेवरून एक ट्रक गेला, मागून दुसरा गेला. आई मधे काही बोलणार तेवढ्यात मी तिच्या हातावर हात ठेवला. आणि रेवा बोलली. तुटत, थांबत, घाम पुसत, पण सगळं वाक्य बोलली.

‘मला एकटीला म्हणू दे. सगळ्यांच्यात माझा आवाज मला ऐकूच येत न्हाई.’

इतके दिवस मी खूश होते ते कशावर? ती अडखळत नाही यावर. तुम्हालाही तेच हवं होतं, पत्तेवाल्यांना आणि त्या मोबाईलवालीलाही तेच. आणि ती पोरगी? तिला बोलायचं होतं. अडखळत तर अडखळत.

तर ठरलं, अण्णा. पुस्तक तुमचंच. अर्थ कळायला पत्तेही राहतील, तुम्ही नाक मुरडलंत तरी. परवचा होईल, पण एकेकानं म्हणायचा. शंभूची पाळी झाली की रेवाची. प्रथमेपासून संबोधनापर्यंत जायला अंधार पडला तर पडू दे.

दहाव्याला मागितलेलं वचन मी दिलं नाही, आजही देत नाही. पण दुसरं देते, ते घ्या. तिचा शब्द अडला तर तो मी पुढं करणार नाही आणि कुणाला करू देणार नाही. परवा पंगतीत तिला कुणी काही विचारलं, तर उत्तर तीच देईल, आणि ते पुरं होईस्तोवर सगळी पंगत हात आवरून बसेल. उद्या तिनं स्वतःच्या तोंडानं ‘मला शाळेत जायचंय’ म्हटलं, तर त्याच दिवशी नाव घालीन. नाही म्हटलं, तर तेही ऐकेन. पण वाक्य मी तिला शेवटपर्यंत बोलू देईन.

तुम्हीही, जिथं असाल तिथं, थोडं थांबा. ती तुम्हाला ‘आजोबा’ म्हणून हाक मारायला लागली की ‘आ’वर बराच वेळ जातो.

तुमची,
शुभा