एकवीस दिवसांचं शहाणपण

रविवार, ५ जानेवारी २०२५, दुपार
आज देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, झालेला उपदेश फार आवडला. एका राजाला देव म्हणाला, काय हवं ते माग. त्याने पैसा मागितला नाही, दीर्घायुष्य मागितलं नाही. शहाणपण मागितलं. अंगावर काटा आला. बत्तीस वर्षं भुसावळच्या रेल्वे पार्सल ऑफिसात काढली, रिटायर होऊन दीड वर्ष झालं, पण देवाकडे नेमकं काय मागायचं ते आज कळलं. लगेच मागून टाकलं.

शेवटी नेहमीप्रमाणे मोठ्याने प्रार्थना केली. तुझं राज्य आधी, बाकी सगळं नंतर. तुझ्या कामाला तरुण पोरं पुढे येऊ देत, खेड्यापाड्यांत जाऊ देत. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. उषा म्हणाली की अकरा मिनिटं झाली आणि घरी वरण गॅसवर होतं. बायकोला देवाच्या राज्याची कल्पना कमी.

सोमवार, ६ जानेवारी, सकाळी ६.४०
शहाणपण आलं असावं. डोकं हलकं वाटतंय.

शुक्रवार, १० जानेवारी
रोशनी शनिवार-रविवारसाठी जामनेरहून आली. तिथे शाळेत शिकवते, वय सत्तावीस, स्थळं बघायची म्हणून मी यादी केली होती. तिने चहा देता देता सांगितलं की तिला बादलशी लग्न करायचंय.

बादल म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचा पावरा आदिवासी मुलगा. सुवार्तिक आहे. पाड्यापाड्यांत मोटारसायकलवर फिरतो, देवाचं वचन सांगतो, पोरांना बाराखडी शिकवतो, उरल्या वेळात बापाबरोबर पावसाच्या भरवशावर ज्वारी करतो. परमनंट काही नाही. मानधन आहे म्हणे. मानधन हा शब्द ऐकला की मला घाम फुटतो.

मी शांतपणे नाही म्हणालो. उषाच्या मते शांतपणे नाही, कारण कप फुटला.

जातीचा प्रश्न नाही. प्रभूपुढे सगळे सारखे. हे मी तीन वेळा सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं तरी. प्रश्न प्रॅक्टिकल आहे. रोशनी म्हणाली की असली पोरं तर तुम्हीच दर रविवारी देवाकडे मागता. मी म्हणालो, चर्चच्या मंडळीसाठी मागतो, घरासाठी नाही. ती हसली नाही. तुम्ही हो म्हणेपर्यंत थांबेन असं म्हणून आत गेली. थांब म्हणावं. मी बत्तीस वर्षं गाड्यांसाठी थांबलोय.

रविवार, १२ जानेवारी
प्रार्थना थोडक्यात केली.

बुधवार, १५ जानेवारी, रात्रीची एसटी
धुळ्याला जाऊन आलो. यादीतलं पहिलं स्थळ. गोपाल, सरकारी क्लार्क, परमनंट, पेन्शन नाही पण बाकी सगळं. त्याचे वडील निंबा नाना जुने ओळखीचे. शेवभाजी जबरदस्त. दुसरी वाटी संपल्यावर नानांनी विचारलं, मुलगी शाळेत आहे ती परमनंट का? मी म्हणालो, मुलगी गुणी आहे, देवभीरू आहे, आवाज गोड आहे. त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

माझा संताप झाला. भर ओसरीत सुनावलं. नाना, आपण विश्वासी माणसं, नोकरी-नोकरी काय करता, आधी देवाचं राज्य बघा! शेजारी बाहेर आले.

नकार आम्हीच दिला. त्यांनी आमच्या आधी सांगितला, एवढंच.

शनिवार, १८ जानेवारी
घरात कोणी बोलत नाही. ठरवलं, आता थेट देवालाच विचारायचं. चिन्ह मागितलं. बादलला होकार द्यावा अशी तुझी इच्छा असेल, तर उद्या सकाळी आमच्या नळाला पाणी येऊ दे.

आमच्या गल्लीत पाणी आठवड्यातून एकदा. कालच येऊन गेलं. श्रद्धा हवी, पण हिशेबही हवा.

रविवार, १९ जानेवारी, सकाळी ५.५०
पाणी आलं. जोरात. सगळी गल्ली हंडे-बादल्या घेऊन रस्त्यावर. उषा आनंदाने मला हाका मारतेय. मी झोपल्याचं दाखवलं.

हे चिन्ह नव्हे. कुठेतरी पाइपलाइनचं टेस्टिंग चालू असणार. अशा तांत्रिक गोष्टींत देव पडत नाही.

नवीन चिन्ह: पुढच्या रविवारी पाळकसाहेबांचा उपदेश वीस मिनिटांत संपला तर. इतक्या वर्षांत पन्नासच्या खाली आलेला नाही.

रविवार, २६ जानेवारी
अठरा मिनिटं. पाळकसाहेबांचा घसा बसला होता.

घसा ही वैद्यकीय बाब आहे.

पण उपदेशाचा विषय! एका माणसाला शेतात पुरलेली ठेव सापडते, तो आनंदाने घरदार विकून ते शेत घेतो. बोलताना पाळकसाहेब सरळ माझ्याकडे बघत होते. उषा म्हणाली की मी घड्याळाकडे बघत होतो म्हणून ते माझ्याकडे बघत होते. मला सगळं समजतं. त्यांना घरातून फूस आहे. आता देवळात पाऊल टाकणार नाही. उद्यापासून १६ फेब्रुवारीपर्यंत एकवीस दिवस वरच्या खोलीत एकांत आणि मौन. शहाणपण लेखी मिळेपर्यंत खाली उतरणार नाही.

सोमवार, २७ जानेवारी, रात्री ८.१५
खाली उतरलो. उषाने वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली होती, धूर थेट वर येत होता. भरीत, पुरी, मिरचीचा ठेचा. न बोलता खाल्लं. खाण्याने मौन मोडत नाही.

बुधवार, २९ जानेवारी
पाळकसाहेब वर आले. पंधरा मिनिटं बोलत होते. मी डोळे मिटून मनात भुसावळ ते इगतपुरी सगळी स्टेशनं म्हणत होतो, त्यामुळे एक अक्षर ऐकलं नाही. मध्ये दोनदा मान डोलावली, म्हणजे ते लवकर जातील. गेले. जाताना माझा हात घट्ट दाबला. तपाचा परिणाम होतो माणसावर.

रविवार, २ फेब्रुवारी
पहिली घरची उपासना. गीत मीच म्हटलं, उपदेश मीच केला, मनातल्या मनात. उत्तम झाला. मधे डुलकी लागली, पण वक्त्याने वाईट वाटून घेतलं नाही.

उषा आणि रोशनी देवळातून हसत आल्या. उषाने शिरा केला. बघा, मी गप्प बसलो तर घरात किती शांती. हे आधी सुचायला हवं होतं.

रविवार, ९ फेब्रुवारी
दुपारी मंडळीतली माणसं घरी. धनसिंगने, आमच्या ढोलकीवाल्याने, मिठी मारून अभिनंदन केलं. माझं तप बाहेर कळलेलं दिसतं. नम्रपणे हात जोडले.

धुरपदाबाईही आल्या. धुळ्याकडच्या, मंडळीत सगळ्यात म्हाताऱ्या, कोणाची भीड नाही. म्हणाल्या, भाऊ, पोर चांगली शे, पोऱ्या बी चांगला शे, मंग तुन्हं पोट का बरं दुखत व्हतं? मी मौनात असल्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही. नाहीतर दिलं असतं.

पण व्हतं का म्हणाल्या? अजूनही दुखतंय.

रविवार, १६ फेब्रुवारी, संध्याकाळ
एकवीस दिवस पूर्ण. उषाने रोशनीला नवीन पांढरी साडी घेतलीय. ईस्टरला अजून दोन महिने आहेत. बायकांची घाई.

शहाणपण आलं. अगदी स्पष्ट. उत्तर: नाही. देव काही मुलीचं वाटोळं करा म्हणत नाही. येत्या रविवारी भर उपासनेत उभा राहून सगळ्यांसमोर सांगणार. चार पानं लिहायला घेतो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
उषा दोनदा काहीतरी सांगायला आली. हात वर करून थांबवलं. जे काय ते रविवारी, चारचौघांत.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
प्रेसमधून कागदाचा गठ्ठा आला. मंडळीचं काही पत्रक असणार. उघडला नाही. सुतळी मात्र सैल बांधलेली, ती सोडून पार्सल पद्धतीने पुन्हा आवळली.

रविवार, २३ फेब्रुवारी
लिहायला हात होत नाही. तरी लिहितो.

चार पानं खिशात घेऊन पहिल्या बाकावर बसलो. जाहिराती, म्हणजे मंडळीच्या सूचना, सुरू झाल्या. पाळकसाहेब म्हणाले की बादल आणि रोशनी यांच्या लग्नाची पुकार तीन रविवार झाली, कोणी हरकत घेतली नाही, तेव्हा येत्या शनिवारी लग्न. आता मुलीचे वडील दोन शब्द बोलतील.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत दोघांची नावं पुकारतात. कोणाची हरकत असेल तर आत्ताच उठून सांगा म्हणतात. जन्मभर ऐकतोय. नेमके तेच तीन रविवार मी वरच्या खोलीत स्वतःलाच उपदेश करत होतो.

उभा राहिलो. पानं हातात होती. हरकत घ्यायला अजून वेळ गेलेला नव्हता, ते पाळकसाहेबांनाही माहीत होतं, मलाही. रोशनी आईच्या शेजारी बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती. आईचा हात तिने इतका घट्ट धरला होता की उषाच्या बांगड्या वर सरकल्या होत्या. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी ती माझा हात असाच धरायची.

तोंड उघडलं. तोंडातून आलं, शनिवारी किती वाजता?

सगळे हसले. धनसिंगने ढोलकीवर थाप मारली. मी खाली बसलो.

नंतर पाळकसाहेबांना बाजूला घेऊन विचारलं, कोणाच्या परवानगीने? ते म्हणाले, तुमच्याच. २९ तारखेला विचारलं, पुकार लावू का? तुम्ही मान डोलावली. खात्री करायला पुन्हा विचारलं, तर पुन्हा डोलावली.

इगतपुरीच्या आसपास असणार मी तेव्हा.

शनिवार, १ मार्च, संध्याकाळ
लग्न झालं. बादलचे वडील दिवल्याभाऊ पाहुण्यांना चारोळी आणि भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन आले. हात धरून म्हणाले, आजपासून तुन्ही पोर ती मन्ही पोर. चांगला माणूस आहे. मुलगाही बरा आहे. बरा म्हणजे चांगला आहे.

जीपमध्ये बसण्याआधी रोशनीने मला बाजूला नेलं. म्हणाली, पप्पा, त्या रविवारी तुम्ही नाही म्हटलं असतं तर मी थांबले असते. आयुष्यभर थांबले असते. मी पटकन म्हणालो की वेडे, मला सगळं आधीपासून माहीत होतं, मुद्दामच येत नव्हतो. तिने मान डोलावली, डोळे पुसले आणि गेली. पोर गेली. घरात तिचा कप तेवढा आहे.

आत्ता उषाला खरं सांगून टाकलं. म्हटलं, मला काहीच माहीत नव्हतं गं, मी तर हरकत घ्यायलाच उठलो होतो. पहिल्यांदाच असं काही कबूल केलं, वाटलं ती चकित होईल. उषा शेंगा फोडत होती. वर न बघता म्हणाली की तुम्हाला काही माहीत नाही ते मंडळीतल्या सगळ्यांना माहीत होतं, रोशनीलाही. म्हणून तर तीन रविवार घरी येऊनही तुमच्यापुढे कोणी पुकारीचं नाव काढलं नाही.