शंभर जणींचं वरण

बालाघाट, रविवार, १४ जानेवारी १९६८

"गल्लीतल्या भाडेकरूंनो, घरमालकाने कधी हाकललं नाही असा तुमच्यात कोण आहे?" भाषणातलं हे वाक्य घोळवतच मी सुटून आलेल्या बायकांसाठी आमच्या समितीने चालवलेल्या निवाऱ्यावर पोचलो. जेलमधून सुटून आलेल्या सुगंधाबाईला खोलीतून काढा म्हणत शेजारी दारात जमले होते. आत चुलीवर भलामोठा गंज, काठोकाठ वरण!

शेजारच्या कौसल्याबाईंनी डोकावून विचारलं, "काहून वो, लग्न हाये का घरी?"

"जेलात शंभर जणींचा सैपाक करत होती न माय. हात आखडतच नाही," सुगंधाबाई म्हणाली.

कौसल्याबाई खो खो हसल्या. "मंग पाहून काय राह्यली? वाढ मले!"

मग सगळेच जेवायला बसले. माझं भाषण? राहिलं. पण खोली राहिली ना तिची! केवढा तो गंज!

उद्या समितीला एवढंच बजावायचं: मित्रांनो, तिला लहान गंज आणून देऊ नका.