आयेच्या सेलाला दसऱ्याचं कुंकू

आये, सगळ्यात आधी टपकली ती मुलाची आत्या. पाव्हणे चार वाजता लेकीला बघायला येणार असं ठरलेलं आणि ही बाई जेवणाआधीच तळवलीच्या आपल्या ओटीवर बसून पाणी मागतेय. वर म्हणते, "आमी काय परके हाव?" मी आत वड्या तळतेय, लेकीचं पातळ नेसून व्हायचंय, पण माझा जीव तुझ्यात अडकलेला. तू साऱ्यांना बजावलं होतंस, "पोऱ्याचा आवाज मी माझ्या कानानं ऐकनार. तवर कुनी होकार देऊ नका." तुझ्यापुढे बोलायची घरात कोणाची छाती होती?

कानाचं मशीन तेव्हा नवंच होतं. बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या भावाने आणलेलं, सोबत सदऱ्याच्या बटणाएवढे दोन सेल, वर कागद चिकटवलेला. तो म्हणाला होता, "कागद सोलला की बारीक भोकांतून वारा आत जातो आनि सेल चालतो. अर्धा माल म्हंजे बाहेरचा वाराच, म्हनून एवढासा असून जास्त टिकतो." तू लगेच म्हणालीस, "म्हंजे यो पन श्वास घेतो!"

त्या दिवशी दसरा. सकाळी तू पाटावर विळा, कोयता, रेडिओ मांडलास आणि शेजारी मशीन. मशीनचा जीव सेलात, म्हणून सेल बाहेर काढून त्यालाही ओल्या बोटाने हळदकुंकू लावलंस, चांगलं दाबून. दुपारी मुलगा बोलायला लागला तर तू नुसती मान हलवतेयस. आत्याबाई पुटपुटली, "म्हातारीला पोरगा पसंत नाय वाटतं." पाव्हणे एकमेकांकडे बघायला लागले. मी तुला हाताला धरून आत नेलं, मशीन उघडलं, तर सेलाची भोकं कुंकवाने बुजलेली!

परवा हे नातीला सांगितलं. त्याच लेकीची पोर गं, खारघरच्या कॉलेजात शिकते. म्हणाली, "आजी, आम्हीपण हेच शिकतोय." लिथियम म्हणून सगळ्यात हलका धातू आहे, त्याचा असा वाऱ्यावरचा सेल केला तर थोड्या वजनात खूप ताकद मावते म्हणे. पण वाऱ्यातली ओल लागली की तो धातू बिघडतो, आणि आतल्या आत तयार होणारा गाळच भोकं बुजवतो. पुन्हापुन्हा चार्ज करायचं तर अजून धड जमलेलंच नाही. मी म्हटलं, "आपल्या खाडीकडे पापडसुद्धा सादळतात, तिथे तो काय टिकणार?" केवढी हसली पोर!

तर त्या दिवशी मी दुसरा सेल सोलला, जरा वारा खाऊ दिला आणि घातला. तू बाहेर आलीस. मुलाने घाबरून ओरडूनच विचारलं, "आजी, ऐकू येतं का?"

"हलू बोल रं, मी काय बहिरी हाय?"

अख्खी ओटी हसली. मग तू त्याला पगार सोडून सगळं विचारलंस आणि शेवटी म्हणालीस, "आवाज गोड नाय, पन खरा हाय. देऊ पोरगी."

हे पत्र टाकायचं कुठे, आये? ठेवते आपलं उशीखाली. तेवढं एक सांगायचं राहिलं. पाव्हणे उठल्यावर तू सेल काढलास, टाकलेला कागद शोधून पुन्हा चिकटवलास आणि विचारलंस, "तवर टिकल ना गं?" मी म्हटलं, "टिकेल की." मला काडीचं ठाऊक नव्हतं. सुपारी फोडायला सोमवारी येतो म्हणाले होते.