क्लोस्टरचा उसना पिचर

सेंट वालबर्ग,
मंगळवार, दुपारची जेवणे उरकल्यावर

चिरंजीव नॉर्बर्ट यास,

ओटिलिया आत्याचे तोंडभरून आशीर्वाद. तुझी प्रकृती कशी आहे हे विचारत नाही, कारण परवाच्या आदल्या रविवारी पंचाशी भांडतानाचा तुझा आवाज चर्चच्या पायऱ्यांपर्यंत येत होता आणि फादरांनी उठून खिडकी लावून घेतली. रीटाच्या गुडघ्याचे काय? तिला म्हणावे, कोबीची पाने बांध आणि डॉक्टरचेही ऐक, दोन्ही एकदम केल्याने आजवर कोणी दगावले नाही. इकडे मी बरी आहे. गायी बऱ्या आहेत. माझ्या लायनसचे पुढे लिहिते.

तू म्हणशील, आत्या चार घरे सोडून राहते, तिला तिकीट लावून पत्र धाडायचे काय नडले? तर बाळा, काल मी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा रीटा म्हणाली, ते आंघोळीला गेलेत. (लहानपणी तुला आंघोळ घालायला दोन माणसे लागायची, त्यांतली एक मी.) शिवाय मागच्या सामन्यात जाळीपाशी येऊन मी फक्त इतकेच म्हणाले की आता पिचर बदल, तर सगळ्या गावासमोर तू ओरडलास, "आत्या, काय सांगायचंय ते लिहून दे!" घे, लिहून देते. एकेचाळीस वर्षे मी आपल्या गावच्या बेसबॉल संघाची धावांची वही लिहिते आहे. वही पेन्सिलीने लिहिते, कारण पंचांचे मन केव्हा फिरेल सांगता येत नाही. हे पत्र पेनाने लिहिले आहे. यातला एकही शब्द खोडला जाणार नाही.

आधी किरकोळ बाबी. तुझा मेहुणा क्लीटस याला तिसऱ्या क्रमांकावर फलंदाजीला पाठवणे बंद कर. माणूस भला आहे, कपाटे सुरेख बनवतो, पण या मोसमात तो एकवीस वेळा माणसे बेसवर ताटकळत ठेवून परत आला आहे. (वहीत आहे. हवे तर येऊन बघ, कॉफी देईन.) त्याला नवव्या क्रमांकावर ढकल. रीटा रागावली तर माझे नाव सांग. दुसरे म्हणजे, चेंडूला नुसती बॅट टेकवायची खूण म्हणून तू कानाची पाळी ओढतोस ती बदल. समोरच्या संघाची पोरे आता तुझ्याआधीच पाळ्या ओढून दाखवतात. तू कान खाजवलास तरी त्यांचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू पुढे सरकतो. हे सगळे मी गोडीत सांगते आहे.

आता मुद्द्याचे. गुरुवारी विभागाची बैठक आहे. राज्य स्पर्धेला जाणाऱ्या गावाने हरलेल्या गावांतून तीन पिचर उसने घ्यावेत, हा नियम मी तुला शिकवायला नको. एकोणीस वर्षांनी आपला नंबर लागला. आणि तू बारमध्ये बसून जाहीर केलेस की दोनच उसने घेईन, पण शेजारच्या क्लोस्टर गावचा माणूस आपला शर्ट घालणार नाही, त्यांचा पिचर वेंडल तर नाहीच नाही. शनिवारी लायनस नऊच्या नऊ डाव टाकेल आणि जिंकलो तर रविवारीही लायनसच टाकेल. म्हणे गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे. नॉर्बर्ट, गावाच्या अब्रूचा इथे काडीचा संबंध नाही. सहा वर्षांपूर्वी वेंडलचा चेंडू तुझ्या बैठकीवर येऊन आदळला आणि पुढे आठ दिवस तू ट्रॅक्टर उभ्याने चालवलास, हे खरे दुखणे. चर्चमध्ये सगळे बसले तरी तू उभाच. (फादर तेव्हा नवे होते. त्यांना वाटले, काय भाविक माणूस आहे.) ती जागा एव्हाना बरी झाली असेल. आता तरी सोड.

पण मी ऐकीव गोष्टींवर बोलणारी बाई नाही. क्लोस्टरचा शेवटचा सामना परवा रविवारी होता, तेव्हा लायनसला म्हटले, मी गोधड्यांच्या प्रदर्शनाला जाते, आणि गेले थेट क्लोस्टरच्या मैदानावर. चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीतली त्यांची हिरवी टोपी माझ्याकडे पडून होती. (टोमॅटोच्या रोपांवर गार वाऱ्यात पालथी घालायला घेतली होती.) ती डोक्यावर चढवली आणि तिसऱ्या बाकावर दोन धिप्पाड बायकांच्या मध्ये जाऊन बसले. त्यांनी मला बटाट्याचे सॅलड दिले. खोटे कशाला बोलू, आपल्यापेक्षा त्यांच्यात मोहरी बेताची असते. वेंडलने चार डाव एकालाही फटका मारू दिला नाही. खालचा चेंडू असा टाकतो की फलंदाज आपल्याच पायांकडे बघत परततो. पण सातव्या डावात त्याचा हात उतरला. त्यांचा मॅनेजर सूर्यफुलाच्या बिया चघळत स्वस्थ बसलेला. मला राहवेना. मी कुठे आहे, कोणाची टोपी घालून आहे, सगळे विसरून मी उभी राहिले आणि ओरडले, "अरे, काढ त्याला! खांदा पडलाय त्या पोराचा, दिसत नाही का तुला?"

सगळे हिरवे लोक माझ्याकडे वळले. मला वाटले, आता टोपीसकट बाहेर काढतात. तर डावीकडची बाई म्हणाली, "अगदी बरोबर बोललीस बाई! आमच्या मॅनेजरला एवढी अक्कल असती तर!" आणि तिने मला लोणच्याची अख्खी बरणी दिली. वेंडलला काढले, पण उशीर झाला होता, एका धावेने हरले. मग सामन्यानंतर मांसाची सोडत निघाली. मी भिडेखातर एक चिठ्ठी घेतली होती आणि नाव विचारले तेव्हा घाईत गर्ट्रूड सांगितले होते. भोंग्यावरून पुकारा झाला, गर्ट्रूड. मी टाळ्या वाजवत बसले. पुन्हा पुकारा झाला. मी इकडेतिकडे बघून म्हणाले, कोण ही बावळट गर्ट्रूड? तेव्हा उजवीकडच्या बाईने मला कोपराने ढोसले. अकरा किलोचा हॅम आणि वर सॉसेजची माळ. गेली तीस वर्षे मी आपल्या गावात चिठ्ठ्या घेते आहे, कधी एक हाड लागले नाही.

तो हॅम उचलायला जो माणूस पुढे आला तो वेंडल. उजव्या खांद्याला बर्फ बांधलेले, डाव्या हाताने हॅम छातीशी धरलेला. मी म्हणत होते, ठेव बाबा, मी नेते, पण ऐकेना. गाडीपाशी आलो आणि मला आठवले की मागच्या काचेवर हातभर अक्षरांत आपल्या गावाचे नाव आहे आणि खाली 'सतरा नंबरची आई'. त्याने ते सावकाश वाचले. हॅम पुढच्या सीटवर ठेवला, त्याला पट्टा लावला, आणि मग म्हणाला, "काकू, लायनसचा खांदा कसा आहे?"

मी म्हटले, "त्याच्या खांद्याला काय धाड भरलीय? त्यानेच तर तुम्हाला हरवलं."

"हरवलं, पण नुसत्या डोक्यानं हरवलं. चेंडूत जोर नव्हता," तो म्हणाला. "राष्ट्रगीताला त्यानं टोपी डाव्या हातानं काढली. पाचव्या डावानंतर पहिल्या बेसवर चेंडू कमरेतून फेकत होता. आमचे वडीलही असेच म्हणायचे, काही नाही झालं, काही नाही झालं. आता त्यांना शर्ट आई घालते."

मी त्याला जरा फाडकन बोलले. (नक्की काय बोलले ते लिहीत नाही, रीटा पत्र वाचते हे मला ठाऊक आहे.) तो फक्त म्हणाला, "नीट जा काकू, हॅम जड आहे, वळणावर सांभाळा." आणि मी सगळा रस्ता त्याच्यावर चरफडत घरी आले.

घरी आले ती कॉफी करायला गेले. आता हे नीट वाच. जून महिन्यात लायनसने कॉफीचे पेले वरच्या फळीवरून काढून खालच्या खणात ठेवले होते. मला वाटले, आई म्हातारी झाली, तिचा हात पुरत नाही, म्हणून ठेवले. मी शेजारीपाजारी सांगत सुटले होते, मुलगा असावा तर असा. परवा तो खणापाशी उभा राहून डाव्या हाताने पेला काढत होता आणि मला सगळे एकदम समजले. नॉर्बर्ट, मला रडू आले. परक्या गावच्या पोराचा पडलेला खांदा मला तिसऱ्या बाकावरून दिसला, आणि माझा मुलगा रोज समोर बसून जेवतो. मग वही काढली. मागच्या सामन्यात एकशे एकतीस चेंडू. त्याआधी एकशे चोवीस. आकडे माझ्याच अक्षरात. मी जाळीतून ओरडले ते खेळ हातचा जाईल म्हणून, त्याच्यासाठी नाही. तेव्हा तुझी एकट्याची चूक आहे असे मी म्हणत नाही. निम्मी म्हणते.

अडतीस वर्षांचा आहे तो. अजून पंचवीस वर्षे त्याला साठ गायींची धार काढायची आहे. त्याला विचारायला जाऊ नकोस, तो म्हणेल काही नाही झाले. सतरा वर्षे तो या एका शनिवारची वाट बघतो आहे, म्हणून त्याला बाकावर बसव असेही मी सांगणार नाही. माझे म्हणणे एवढेच. गुरुवारी वेंडलचे नाव घे. शनिवारी पाच डाव लायनस, पुढचे चार वेंडल, आणि रविवारी लायनसने बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया खाव्यात. हे सगळे तुझ्या डोक्यातून निघाले असे सांग. आईने काढले म्हटल्यावर तो जन्मात मैदानावर तोंड दाखवणार नाही.

निम्मा हॅम रीटाकडे पाठवला आहे. तो लाच नव्हे, पण खाल्ल्यावर लक्षात ठेव.

तुझी,
ओटिलिया आत्या

ता. क. वेंडलला मी काल संध्याकाळीच फोन करून 'ये' म्हणून सांगून टाकले आहे. तो आंघोळीला गेलेला नव्हता. त्याच्या मापाचा शर्ट आपल्याकडे नाही, म्हणून तुझा जुना नऊ नंबरचा काढून खांद्यात उसवला आणि पाठीमागे पट्टी घातली. चांगला बसेल. आता तू बैठकीत त्याचे नाव घेतले नाहीस तर तुझाच शर्ट घालून तो आपल्या बाकामागे उभा राहील, आणि का ते मी सगळ्यांना सांगेन. बैठकीच्या गोष्टीसकट.

ता. क. दुसरे. समजा पाच डाव झाले आणि लायनसने एकालाही फटका मारू दिलेला नसला, तर मात्र सहावा, फार तर सातवा (या चार ओळी मी खोडल्या आहेत, उजेडात धरून वाचत बसू नकोस. पेनाने लिहिलेले नीट खोडले जात नाही, हे मला माहीत नव्हते.) पाच म्हणजे पाच. मी तेव्हा जाळीपाशी येऊन काही बोलले, तर अजिबात ऐकू नकोस.

ता. क. शेवटचे. त्याच्या हातातून चेंडू घ्यायला जाशील तेव्हा नेहमीसारखा पंजा छातीसमोर धरू नकोस. कमरेपाशी धर. तिथपर्यंत त्याचा हात येतो.