कट्ट वाजणारा जबडा

गुरुवार, २ मे. औसा.

कंबर चार महिने दुखतेय, आणि आज लातूरच्या दातांच्या डॉक्टरांनी दोष जबड्याला दिला. लातूरचा नवा जिल्हा झाल्यावर ते तिथं आलेत. तोंड उघडलं की माझ्या कानाजवळ कट्ट वाजतं. त्या सांध्याचा ताण मानेतून कमरेत उतरत असेल, म्हणाले. ‘असेल’ म्हणाले, ‘आहे’ नाही. खरं असेलही. मी दात आवळते, हे तर खरंच.

पण ह्यांना ते इतकं लगेच कसं पटलं? आजवर एकाही डॉक्टरचं पटलं नव्हतं. येताना बसमध्ये दोनदा म्हणाले, "बघ, पाण्यामुळं न्हाई, जबड्यामुळं हाय." विहीर आटल्यापासून टँकरचं पाणी मीच वाहते. आणि कट्ट तर लग्नाआधीपासून वाजतंय. तेव्हा कंबर कुठं दुखत होती?

संध्याकाळी टँकर आला. मी घागर ह्यांच्यापुढं ठेवली. म्हटलं, "आठ दिवस तुम्ही भरा. तरी दुखली, तर जबडाच."

"माझी कंबर धरंल की."

"का? तुमचा जबडा तर वाजत न्हाई."

हे घागर उचलून टँकरकडं गेले.