सातवा नियम

सोमवार, ४
नोकरी लागली. एकावन्नाव्या वर्षी, आणि तीही संस्कृतच्या माणसाला, म्हणजे चमत्कारच. शाळेने माझा तास बंद केल्यापासून चार महिने मी घरातल्या कुंडीतल्या रोपांना विभक्ती शिकवत होतो. तीही नापासच झाली.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. ऑनलाइन दुकान आहे: मिक्सर, गाद्या, आजाऱ्यांसाठी ऑक्सिजनची यंत्रं. सहा टेबलं, सहा संगणक आणि मधूनच हुंकारणारा पाण्याचा कूलर, जणू न ऐकता होकार देणारा एखादा काका. साहेब माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचे, मला सर म्हणतात. काम एकच: ‘खरेदीत फसू नका’ हे पान लिहायचं, घरातलं मोठं माणूस समजावतं तसं.

बुधवार, ६
सात नियम लिहिले. ओटीपी सख्ख्या भावालाही सांगू नका. फार स्वस्त दिसलं की आधी शंका, मग पाकीट. आलेल्या लिंकवर बोट ठेवू नका, दुकानाचा पत्ता स्वतः टाइप करा. असे सहा साहेबांना आवडले. सातवा होता: माल हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. तो त्यांनी हसत खोडला आणि आपला घातला. आमचं दुकान खोटं आहे असं कुणी फोनवर सांगितलं, तर तोच भामटा समजा. आवाज ओळखीचा असला तरी फोन ठेवा.

वाक्य ढिसाळ होतं. मीच घट्ट करून दिलं.

शुक्रवार, ८
पान माझ्या आवाजात रेकॉर्ड केलं. काचेच्या खोलीत दोन तास. आवाज मोकळा व्हावा म्हणून साहेबांनी लहानपणच्या आठवणी सांगायला लावल्या. मी काय, सुरू झालो की थांबत नाही. विहिरीत पडता पडता ताईने मला पकडलं ते, तिने ठेवलेलं ‘पंडित’ हे नाव, सगळं सांगितलं.

संध्याकाळी तिचा फोन. म्हणाली, अरे पंडित, जन्मात पहिल्यांदा तुझं लिहिलेलं काहीतरी कळलं. पान वाचून तिने भाऊजींसाठी आमच्याकडूनच ऑक्सिजनचं यंत्र मागवलं, सगळे पैसे आधी भरून. जुनं आता थांबून थांबून चालतं. मला फार बरं वाटलं.

मंगळवार, १२
ताईचं यंत्र लवकर जावं म्हणून गोदाम कुठे आहे ते विचारलं. कुणी मान वर केली नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाई, ज्यांना सगळे मावशी म्हणतात, त्या जिन्यात हळूच म्हणाल्या की वर्षभरात त्यांनी इथे एक खोकं पाहिलेलं नाही. खोक्याला लावायची चिकटपट्टीसुद्धा नाही. काम एवढंच: ‘माल निघाला’ असं लिहायचं. पुन्हा पुन्हा.

ताईला लगेच फोन केला. दुकान खोटं आहे, एवढंच म्हणालो. तिने फोन ठेवला.

इतकी आज्ञाधारक विद्यार्थिनी मला आयुष्यात मिळाली नव्हती.

बुधवार, १३
ताईने मला ‘अहो’ म्हटलं.

तिच्या शेजारणीच्या फोनवर कशीबशी मिळाली. म्हणाली, अहो, लाज वाटू द्या, माझ्या भावाचा आवाज काढता. तिचा भाऊ तिच्याशी रोज बोलतो म्हणे. त्यानेच बजावलंय की चोर त्याच्याच आवाजात फोन करील. यंत्र उद्या येतंय, दुसरीकडून घेऊ नकोस. तिच्या गल्लीतल्या दुकानात एक होतं. तिने नाही घेतलं. मी विहिरीची गोष्ट काढली. ती म्हणाली, तीही चोरलीत का.

ऑफिसला कुलूप. काचेतून पाहिलं: टेबलं नाहीत, संगणक नाहीत. कूलर तेवढा हुंकारतोय.

पोलीस म्हणाले, तक्रार ऑनलाइन करा.

गुरुवार, १४
बसने सहा तास. ताईच्या दारात आहे. उघडत नाही. डोळा भोकाशी येतो, जातो. चेहरासुद्धा बनवता येतो म्हणे हल्ली — तिला कुणीतरी सांगितलंय —

शेजारणीच्या घराला कुलूप. रुग्णवाहिकेला फोन केला. निघाली आहे म्हणाले. निघाली. हा शब्द —

आवाज चोरला, अक्षर नाही. म्हणून हे पान फाडून दाराखालून सरकवतोय. ताई, हे माझं अक्षर आहे. तूच गिरवून घेतलेलं. गल्लीतल्या दुकानातून यंत्र आण. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस हवं तर, पण दार —

पान परत आलं. मागे तिचं अक्षर: पंडित म्हणाला होता, चिठ्ठीही येईल.

भाऊजींचं यंत्र ऐकू येतंय. घरघरतं. थांबतं. पुन्हा —

आत फोन वाजला. तिने स्पीकरवर टाकला. मी बोलतोय. आत मी बोलतोय, किती मायेने, शाळेत कधी बोललो नाही इतक्या —

यंत्र थांबलं.

ताई, ऐक, यंत्र थांबलंय —

तो म्हणतोय, ताई, थोडीच वाट पाहा, माल निघा