हातात वाढलेली श्वासनलिका गळ्यात नेण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक (अवयव परवानगी),
तिसरा मजला, खोली क्र. ३१२

विषय : "काही म्हणणे नाही" असा शेरा मारून निकाली काढलेले माझे प्रकरण पुन्हा उघडण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. २ मार्चचे निकालपत्र.

महोदय,

१. सविनय कळवितो की, मी तरण तलावावर पोहणे शिकविणारा शिक्षक आहे; निदान होतो. गेल्या वर्षी न्यूमोनियात बेचाळीस दिवस कृत्रिम श्वासाची नळी घशात राहिली. जीव वाचला, पण श्वासनलिका आतून खराब होऊन आवळली. तेव्हापासून गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेतो. आवाज अजिबात निघत नाही. भोकात पाणी गेले की कारभार आटोपला, म्हणून एकोणीस वर्षे पाण्यात काढलेला मी आता आंघोळसुद्धा बायकोच्या पहाऱ्यात करतो.

२. आमच्या डॉक्टरबाईंनी एका मृत दात्याच्या श्वासनलिकेचा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी धुऊन काढल्या आणि उरलेल्या सांगाड्यावर माझ्याच नाकातून घेतलेल्या पेशी वाढविल्या. त्याला रक्तपुरवठा मिळावा म्हणून तो माझ्या डाव्या हाताच्या कातडीखाली, मनगटाच्या वर ठेवला. यास आपल्याच कार्यालयाची परवानगी होती. तुकडा छान धरला आहे. जेवताना टेबलाच्या कडेला लागतो. बाईंनी स्पष्ट सांगितले आहे, "खात्री देणार नाही. असं फार थोड्यांवर झालंय, काहींचं फसलंय. पण तुमच्यापुढे दुसरा मार्ग नाही." मला तो हवा आहे.

३. हातातून गळ्यात नेण्यास मात्र वेगळी परवानगी लागेल, असे आपण कळविले, आणि त्या अर्जात आपल्या कार्यालयाने हात हा दाता व गळा हा रुग्ण धरला. दोघांचे नाते सिद्ध करा, असे पत्र आले. मी माझाच आहे, असे प्रतिज्ञापत्र केले. मग दात्याच्या हयातीचा दाखला मागितला. नंतर दात्यावर घरच्यांचा दबाव नाही, असे त्याच्या पत्नीकडून लिहून मागितले. तेही दिले. सही करताना पत्नी म्हणाली, "उजव्या हाताची ना हरकत पण आणू का?" मी हसलो. माझे हसूही हल्ली भोकातून नुसते फुस्स होते.

४. २ मार्चच्या सुनावणीस मी पाटी-खडू घेऊन हजर होतो. आपण म्हणालात, "लेखी सगळं फायलीत आहे, आता तोंडी सांगा." मी गळ्यावरचा रुमाल काढून दाखविला. पत्नी म्हणाली, "अहो साहेब, भोक दिसतंय ना? हे बोलणार कुठून?" तर अर्जदाराशिवाय कोणी बोलायचे नाही म्हणून तिला बाहेर काढले. आपण घड्याळ लावून दहा मिनिटे वाट पाहिलीत. तेवढ्यात मी पाटी दोनदा पुसून पुन्हा लिहिली. आपण मान वर केली नाहीत. मग शेरा पडला : "अर्जदारास पुरेशी संधी दिली. त्यांचे काही म्हणणे नाही. प्रकरण निकाली."

साहेब, माझे म्हणणे आहे, आणि ते ऐकायला मऊ नाही. माणसाला गप्प पाहून त्याच्या गप्प बसण्यावरच शिक्का मारायचा, याला काय म्हणावे? मला याचा भयंकर संताप आहे, तो या अर्जात नोंदवून घ्यावा.

५. महिनाअखेरपर्यंत तुकडा न हलविल्यास तो आकसून निकामी होईल व कापून टाकावा लागेल, असे डॉक्टरबाईंचे मत आहे. तो कापून टाकण्यासाठीचा वेगळा अर्ज आपल्या खिडकीवरच्या लिपिकाने मला आपणहून दिला. "हा भरा. याला सुनावणी लागत नाही, त्याच दिवशी सही होते," असे तो बिचारा चांगल्या मनाने म्हणाला. बसविण्याच्या अर्जाला चार महिने झाले आहेत.

दोन्ही अर्ज सोबत जोडले आहेत. दुसऱ्यावर मी सही केलेली नाही आणि करणार नाही. करायची असल्यास ती आपण करावी. त्याआधी मला एकदा बोलावून माझ्या मनगटाच्या वर बोट ठेवून पाहावे. तिथे ठोका लागतो.

आपल्या उत्तरासाठी खोळंबलेला,
अर्जदार
(स्वाक्षरी)
दि. ११ मार्च

सोबत : (१) निकालपत्राची प्रत (२) डॉक्टरबाईंचे पत्र (३) तुकडा गळ्यात बसविण्याचा अर्ज, सहीसह (४) तुकडा काढून टाकण्याचा अर्ज, सही नाही